मकरेता निरोप नेत नाही

मकरेता ओढ्यापलीकडून यायला निघाली की आधी आमच्या कुत्र्याला कळायचं आणि मग आमच्या सगळ्या सात नंबरच्या वस्तीला. ओढ्याच्या मधल्या दगडावर उभी राहून ती हाळी द्यायची, "ए बिसुन, आहेस का रे अजून? मी तर काळे कपडे इस्त्री करून ठेवलेत!"

बिसुन म्हणजे माझा नवरा. तो ओसरीवरूनच ओरडायचा, "तुला पुरल्याशिवाय कुठला जातोय मी! तुझ्या मापाचा खड्डा खणायला माणसं मिळेनात, म्हणून थांबलोय."

मग ती दोन्ही हातांनी कमरेला गुंडाळलेला सुलू वर धरून, हसत हसत पाण्यातून यायची ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. चुलीवरच्या भांड्याचं झाकण कोणाला न विचारता उचलायची. "वहिनी, या डाळीत मीठ आहे की नुसताच नवऱ्यावरचा राग?" मी म्हणायची, "दोन्ही आहे, खायची तर खा." आणि ती खायची. उभ्याउभ्या, डावाने, अर्धं पातेलं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, ही कसली बोलायची तऱ्हा. पण ओढ्यापलीकडे वुनिवेसीत तवाले म्हणून एक नातं असतं. आतेमामेभाऊ म्हणा, मेव्हणा म्हणा, थट्टेचं नातं. तवालेला तोंडाला येईल ते बोलायचं, त्याच्या दारातलं हवं ते न विचारता उचलायचं, आणि त्याने रागवायचं नाही. रागावला तर तोच खोटा. मकरेताचा थोरला भाऊ विलिकेसा आणि माझा बिसुन हे लहानपणापासूनचे तवाले. एक या बेटावरच्या मूळच्या लोकांतला, एक उसाच्या मजुरीला आणलेल्या आपल्या लोकांतला, पण ओढ्यात पोहायला एकत्र शिकले, त्यामुळे जातपात तिथेच वाहून गेली.

विलिकेसा त्यांच्या कुळाचा वडीलधारा. जमीन त्या कुळाची, ऊस आमचा, ओढा दोघांचा, असं आमचं पिढ्यानपिढ्या चाललेलं. ओढ्याच्या काठाला आमची केळीची रांग आहे. घड पिकायला आला की विलिकेसा सकाळी सकाळी येणार, कोयत्याने घड उतरवणार आणि खांद्यावर टाकून चालायला लागणार. बिसुन मागून ओरडणार, "चोर! दरोडेखोर! कुळाचं नाव घालवलंस!" तो पाण्यातून मागे वळून म्हणणार, "गोड नसतात रे तुझी केळी! लावायला शीक आधी!" आणि त्याच आठवड्यात बिसुन त्याच्या पडवीत टांगलेले खेकडे घेऊन घरी येणार. लग्न होऊन नवी नवी आले तेव्हा मला वाटलं, कुठल्या वेड्यांच्या गावात दिलं मला.

मकरेता लहान होती तेव्हाच तिचा बाप गेला. मग ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर स्वयंपाकाला लागली. टोळीत दोन्हीकडची माणसं असायची, म्हणून दोन्हीकडचं रांधावं लागायचं. माझ्या सासूने तिला रोट्या लाटायला शिकवल्या. आमची बोलीही ती तिथेच शिकली, आणि फडात शिकली म्हणजे आधी शिव्या शिकली, मग बाकीचं. अजूनही ती बोलायला लागली की आमचे पंडितजी छत्री उघडून तोंडापुढे धरतात. पण टोळीत कोणाचं कोणाशी वाजलं की मुकादम दोघांना मकरेताच्या चुलीजवळ नेऊन बसवायचा. ती काही समजूत घालायची नाही. दोघांच्या मध्ये कसाव्याची टोपली ठेवायची आणि म्हणायची, "सोला. आणि नुसते मुक्यासारखे सोलू नका, काहीतरी बोला." टोपली संपेपर्यंत भांडण बहुतेक संपलेलं असायचं. नाही संपलं, तर दुसरी टोपली.

आता जे झालं ते सांगते. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

ओढ्यापलीकडच्या आमच्या उसाच्या मधोमध एक उंचवटा होता. गवत, चार मोठे दगड, एक जुनं लिंबाचं झाड. वुनिवेसीवाल्यांच्या कोण्या पूर्वजाच्या घराचं ते जोतं. घर कधीच गेलं होतं, जोतं उरलं होतं. माझे सासरे नांगर धरून त्याला वळसा घालायचे, त्यांचे वडीलही वळसा घालायचे. बिसुननेही आयुष्यभर वळसाच घातला. आणि त्या वर्षी, विलिकेसा मुलीच्या बाळंतपणासाठी सुव्हाला गेलेला असताना, या शहाण्याने भाड्याचा ट्रॅक्टर आणला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काका, हे टेकाड काढून टाकू का? वळताना फाळ मोडतो." आणि आमचे धनी म्हणाले, "काढ."

काढ! एवढंच. माणसाच्या तोंडून एक शब्द जातो आणि मागून बायकोला जन्मभर निस्तरावं लागतं. मी घरात लोणचं घालत होते, मला कळलं तेव्हा दगड ओढ्याच्या काठाला लोटलेले होते आणि लिंबाचं झाड आडवं झालं होतं.

विलिकेसा परत आला. बसमधून उतरला, शेताच्या कडेला उभा राहिला, बघितलं. बिसुन काठावर होता. मी ओसरीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, आता हा ओरडेल, आईमाई काढेल, कोयता घेऊन धावेल. धावू दे. मग होईल शांत.

विलिकेसाने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "नमस्कार, बिसुनजी. घरी सगळं ठीक आहे ना?"

आणि निघून गेला. तवालेला कधी कोणी 'जी' म्हणतं का!

बिसुन घाबरला. पण सुंभ जळला तरी पीळ जातोय का? स्वतः जायचं सोडून त्याने दुकानातून यांगोनाच्या, बैठकीत कालवून पितात त्या मुळाच्या, भुकटीची प्लास्टिकची पिशवी आणली आणि ट्रॅक्टरवाल्याच्या हाती पलीकडे पाठवली. माफीची यांगोना! ती मुळांची मोळी बांधून, स्वतःच्या दोन्ही हातांनी, खाली बसून ठेवायची असते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या. पिशवी तशीच परत आली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काका, ते विनाका म्हणाले. फार फार आभार म्हणाले. पण आमच्याकडे पुष्कळ आहे म्हणाले."

तेव्हापासून सभ्यपणाची साथ आली. बसमध्ये पलीकडचे उठून आम्हाला जागा देऊ लागले. "बसा ना." "नाही नाही, तुम्ही बसा." कोणी कोणाच्या आंब्याला हात लावेना. ओढ्यावर धुणं धुताना त्यांच्या बायका वरच्या दगडांवर, आमच्या खालच्या, आणि मध्ये नुसतं पाणी. आमची पोरं त्यांच्या पोरांना 'या, खेळता का' असं विचारायला लागली, म्हणजे बघा. आणि ओढ्याकाठी केळीचा घड पिकून पिवळा झाला, मग काळा पडला. साळुंक्यांनी खाल्ला, वटवाघळांनी खाल्ला. विलिकेसा काही आला नाही. मी म्हटलं, "अहो, उतरवा तो, वाया चाललाय." बिसुन म्हणाला, "राहू दे. तो माझा नाहीये."

वरून त्याच वर्षाअखेर त्यांच्याकडून कसायला घेतलेल्या आमच्या जमिनीचा पट्टा संपत होता. पट्टे संपायला लागले तेच ते दिवस. खालच्या वस्तीतली दोन घरं सामान बांधून सुव्हाच्या कडेला पत्र्याच्या खोपटात राहायला गेली होती. पट्टा पुढे चालू ठेवायचा तर विलिकेसाचा होकार हवा. नाहीतर ऊस गेला, घर गेलं, माझ्या सासूने अंगणात रोवलेला पूजेचा लाल झेंडा गेला, माझी चूल गेली. पन्नाशीत कुठे जायचं आम्ही, शहरात मुलाच्या एका खोलीत? मी रोज देवाला पाणी घालायची आणि देवाशीच भांडायची.

मकरेता तेवढी येत राहिली. शिव्या देत, पातेल्याची झाकणं उचलत. एक दिवस मी तिचा हात धरला. "दीदी, तू मधली आहेस. विलिकेसाला जाऊन सांग ना, बिसुनचं चुकलं म्हणून. आम्हाला घालवू नको म्हणून."

तिने हात सोडवून घेतला. "मी निरोप नेत नाही."

"अगं, एवढं एक वाक्य..."

"माझ्या लग्नाचं माहितीये ना तुला? निरोप तीन तोंडांतून आला. पहिली म्हणाली, मुलगा धिप्पाड आहे. दुसरी म्हणाली, माडाएवढा आहे. तिसरी म्हणाली, बाई गं, दारातून वाकून यावं लागतं त्याला. मी हो म्हटलं. आणि आला कोण? सितिवेनी! माझ्या खांद्याला लागत होता. दारातून वाकून येतो हे खरं होतं, पण ते त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार." ती हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "सोन्यासारखा नवरा होता. पण निरोप म्हणजे असा. त्या दिवसापासून शपथ घेतलीय. कोणाला काही सांगायचं असेल त्याने आपलं तोंड आपल्या पायांनी घेऊन जावं."

"मग आम्ही करू तरी काय?" मी चिडलेच. "तोंड घेऊन कोणाकडे जाऊ? तुझ्या वहिन्या माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

"धुणं कधी धुतेस?"

दुसऱ्या दिवशी मी ओढ्यावर गेले तर ही बया मधल्या दगडावर घमेलं घेऊन बसलेली. वर त्यांच्या बायका, खाली आमच्या, मध्ये मकरेता. तिने दोन्हीकडे तोंड करून फर्मावलं, "ऐका गं. त्या जोत्याचं नाव कोणी काढायचं नाही. बाकी काय वाटेल ते बोला. जी गप्प बसेल तिला माझी चादर धुवावी लागेल."

आमच्याकडे याला तालानोआ म्हणतात. चटई टाकायची नाहीतर दगड धरायचा, आणि बोलणं जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यायचं. पण त्या दिवशी ते कुठे जाईचना. नुसता कपडे आपटल्याचा आवाज. शेवटी मकरेता मला म्हणाली, "वहिनी, गुडघा कसा आहे?"

"दुखतोय मेला."

वरून एक म्हातारी न राहवून म्हणाली, "पानं बांधतेस की नाही?"

"कसली पानं?"

"अगं देवा, हिला पानं ठाऊक नाहीत! इतकी वर्षं इथे राहून काय केलंस, रोट्याच लाटल्यास?"

मला नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "रोट्या लाटल्या म्हणून तर तुझा नातू आमच्या दारात पडलेला असायचा!" आणि बोलून गेल्यावर जीभ चावली. पण म्हातारी खो खो हसली. सगळ्याच हसल्या. महिनोन्‌महिने कोणी मला असं टाकून बोललं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी मकरेताची चादरही धुऊन टाकली.

मग ते रोजचंच झालं. सुनांची गाऱ्हाणी, पाद्रीबुवांचं लांबलेलं प्रवचन, कोणाच्या डालोच्या कंदांना कीड, कोणाच्या पोराला नोकरी. वरच्या हळूहळू खाली सरकल्या, खालच्या वर. जोत्याचं नाव कोणी काढलं नाही. ते निघालं ते आपोआप, आणि तेही माझ्याच तोंडून. नव्या पडद्यांचं बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, "मी कशाला शिवू पडदे? वर्षाअखेर कोणाच्या खिडकीला लावायचे आहेत?"

सगळ्या थांबल्या. म्हातारीने विचारलं, "म्हणजे? तुम्ही जाताय?"

"तुम्ही घालवाल तर जाऊच ना! तेच निमित्त हवं होतं तुम्हाला!"

"आम्ही?" म्हातारी उठून उभीच राहिली. "तुम्हीच निघालात ना! आम्हाला वाटलं, पट्टा सोडून शहरात तुमच्या मुलाकडे जायचं ठरलंय, म्हणून जाता जाता जोतंसुद्धा नांगरून एक शेवटचं पीक ओरबाडून घेताय. राहणारा माणूस असं करील का?"

मी बघतच राहिले. म्हणजे आम्ही समजत होतो, हे आम्हाला घालवणार. आणि ते समजत होते, हे चाललेच आहेत. आणि दोन्हीकडून 'बसा ना, नाही नाही, तुम्ही बसा!' मला रडू आलं, आणि रडता रडता असा राग आला म्हणता! सगळ्यांचा, स्वतःचासुद्धा.  मकरेता शांतपणे आपली ब्लाउजं पिळत होती.

त्याच दिवशी दुपारी तिने बिसुनला गाठलं. तो ओसरीवर दोरी वळत होता.

"बिसुन, पलीकडे चल."

"मी यांगोना पाठवली होती. त्याने परत केली."

"कोणी नेली होती?"

बिसुन दोरीला पीळ घालत राहिला.

"भूक लागली की ट्रॅक्टरवाल्याला जेवायला पाठवतोस का रे?"

मी आतून म्हटलं, "तसं असतं तर बरं झालं असतं, माझ्या रोट्या वाचल्या असत्या." पण बिसुन हसला नाही. त्याने दोरी खाली ठेवली. म्हणाला, "तो मला 'जी' म्हणाला, मकरेता. शिवी दिली असती तर मी तिथल्या तिथे पाय धरले असते. 'जी' म्हणणाऱ्या माणसाचे पाय धरायचे कसे?"

मकरेता त्याच्या शेजारी खाली बसली.  मग तिने सुलूच्या गाठीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. देवमाशाचा दात होता, जुना, पिवळसर, दोरी बांधलेला. तंबुआ. लग्नात सितिवेनीच्या घरच्यांनी तिच्यासाठी आणलेला. आमच्याकडे मोठी माफी याच्याशिवाय मागता येत नाही, आणि एकदा दिला की तो परत येत नाही.

"हा नको," बिसुन म्हणाला. "हा तुझा आहे."

"माणूस लहान होता, पण दात मोठा आणला होता त्याने. पेटीत पडून काय करणार आहे? घे. आणि रीत अशी की बोलायला दुसरा माणूस न्यायचा. तू नेणार नाहीस. तू स्वतः बोलणार. मागच्या वेळी तोंड घरी विसरलास, या वेळी ते घेऊन यायचं."

शनिवारी दुपारी आम्ही ओढा ओलांडला. बिसुनच्या हातात दात, माझ्या डोक्यावर रोट्यांची टोपली आणि काखेत बाजारातून आणलेली यांगोनाच्या मुळांची मोळी. विलिकेसाच्या घरात चटया टाकल्या होत्या. वरच्या अंगाला तो आणि कुळातले वयस्क पुरुष, मागे भिंतीशी बायका. आम्ही दाराजवळ, खाली मान घालून. बिसुनने आधी मोळी पुढे ठेवली, मग दात दोन्ही हातांत धरला.  त्यांची भाषा त्याला येते, पण ती खेकडे चोरण्यापुरती. मानाची भाषा त्याला मकरेताने पाठ करून घेतली होती, ती दोन वाक्यांत संपली. मग तो आपल्या साध्या बोलीत म्हणाला, "माझ्या बापाने वळसा घातला, मी घातला नाही. कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. सगळं ठाऊक असून मी 'काढ' म्हटलं. कंटाळा केला. तुमच्या थोरांचं घर मी कंटाळ्यापायी मोडलं. आम्ही कुठे जाणार नाही आहोत. तुम्ही घालवलंत तरच जाऊ."

दात त्याच्या हातात तसाच होता. समोरून कोणी हलेना. बाहेर साखर कारखान्याच्या गाडीची शिट्टी झाली. मी मनात म्हटलं, घे रे बाबा, घे, याचे हात दुखतायत.

विलिकेसाने हात पुढे केला आणि दात घेतला. टाळी वाजवली. मग खाली बघत, देवळात बोलावं तसं म्हणाला, "आम्ही स्वीकारलं. बिसुनजी आले, आनंद झाला. पट्ट्याचा कुळातली माणसं योग्य तो विचार करतील."

बिसुनजी!  माफी मिळाली म्हणायची, पण माणूस काही मिळाला नाही. बिसुनने माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा बघवेना.

काठवटीत यांगोना कालवली गेली, करवंटी फिरली. प्यायचं, टाळ्या वाजवायच्या, गप्प बसायचं. अशा बैठकीत बायका मध्ये बोलत नाहीत. मागून मकरेताचा आवाज आला, "दादा, त्या पाहुण्याची गोष्ट सांग ना. जोत्यावरच्या."

"आत्ता नाही," विलिकेसा म्हणाला.

"का? बस चुकणार आहे का कोणाची? चटईवर बसलोय. बोलायलाच बसलोय ना?"

वयस्कांपैकी कोणीतरी हसलं. विलिकेसाने करवंटी खाली ठेवली. "माझा आजोबा सांगायचा," तो म्हणाला. "त्याच्या बापाचं घर त्या जोत्यावर होतं. एकदा संध्याकाळी एक माणूस दारात आला. गिरमीट, म्हणजे मजुरीचा करार, संपवून मजुरांच्या कुलीलाइनीतून सुटलेला. नुसती हाडं. डोक्यावर पत्र्याची पेटी. म्हणाला, एक रात्र राहू द्या. पणजोबाने ठेवून घेतलं. तो डुक्कर खाईना, गाय खाईना. मग त्याच्यासाठी वेगळं रताळं भाजायचे. एका रात्रीचे किती महिने झाले कोणास ठाऊक. बाकी माणूस चांगला, कामाचा. पण घोरायचा! असा घोरायचा की कोंबड्या घर सोडून झाडावर झोपायला गेल्या. पणजीने निक्षून सांगितलं, एक तर हा राहील नाहीतर मी. तेव्हा पणजोबाने त्याला ओढ्यावर नेलं, पलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, जिथून तुझं घोरणं आमच्या घरी ऐकू येणार नाही, तिथे तुझं घर बांध. ती जमीन कस. तो पहिला पट्टा."

सगळे हसायला लागले. बिसुन हसत नव्हता. ओढ्याच्या पलीकडे, घोरणं ऐकू जाणार नाही इतक्या लांब, एकच जुनं घर आहे, आणि त्यात मी रोट्या लाटते.

"माझा आजा?" बिसुन म्हणाला. "गुरचरन आजा? तो म्हणायचा की सुटल्यावर पहिलं जेवण मी एका डोंगरी माणसाच्या घरी जेवलो. कुठलं घर ते त्याने कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलंच नाही. ते... त्या जोत्यावर?"

"मग कुठे? आभाळात?" विलिकेसा म्हणाला.

बिसुनने तोंडावर हात घेतले आणि रडायला लागला. लग्न झाल्यापासून मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. बापाच्या चितेजवळही नाही. 

विलिकेसा जरा वेळ बघत राहिला. मग त्याचा ओठ थरथरला. "हा बघा," तो म्हणाला, "रडतोसुद्धा नाकातून! आजा घोरून घर हलवायचा, नातू रडून छप्पर उडवतोय. अरे ए रेड्या, माझी नवी चटई भिजवलीस!"

रेड्या! मी टोपलीवरचं फडकं तोंडात कोंबलं. बिसुनने वर बघितलं, नाक पुसलं, आणि म्हणाला, "तुझी चटई... तुझ्या चटईत आधीच ढेकूण होते, चोरा."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. म्हातारे मांड्या थोपटत होते, बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. आणि विलिकेसा कुळातल्या माणसांकडे वळून ओरडला, "पट्ट्याचा विचार कसला करताय? याला घालवलं तर मी केळी कोणाची चोरू?"

त्या दिवशी रोट्या पुरल्या नाहीत. दगड पुन्हा लावायचे ठरले, आणि पुढे लावलेही, दोन्हीकडच्या माणसांनी, खूप भांडत, कोणता दगड कुठे होता यावरून. लिंबाचं नवं झाड म्हातारीने आणलं. परत येताना मी मकरेताला म्हटलं, "दीदी, तुझा दात गेला गं." ती म्हणाली, "भावाच्या पेटीत तर आहे. आणि हे बघ, सितिवेनीला कळलं असतं तर तो म्हणाला असता, एका दातात दोन रेडे बांधलेस, स्वस्तात पडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी आणायला निघाले तर बिसुन केळीच्या रांगेपाशी उभा. नवा घड पिकायला आला होता. आता तो तिथे नव्हता. नुसता ताजा कापलेला दांडा, आणि त्यातून चीक ठिबकतोय. बिसुन त्या दांड्याला हात लावून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, मला मागून कळेना.

मधल्या दगडावर मकरेता घमेलं घेऊन आलेलीच होती. बिसुनने तिला हाक मारली. "मकरेता! सांग त्या दरोडेखोराला जाऊन, की..."

"मी निरोप नेत नाही!" ती तिथूनच ओरडली.

तेव्हा बिसुनने पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला, तोंडाभोवती दोन्ही हात धरून "चोर! चोर!" म्हणून बोंब ठोकली, आणि पाण्यात उतरून पलीकडे चालायला लागला.